दाबून ठेवलेली पत्री काळी का पडते आणि त्यावर काय करायचं

गणपतीच्या पूजेला लागणाऱ्या २१ पत्री दाबून वाळवायच्या, जाड कागदावर मांडायच्या, प्रत्येक पानाखाली नाव लिहायचं आणि फ्रेम करून भिंतीला लावायची, हा उपक्रम आता बऱ्याच घरांत आणि शाळांत होतो. मला तो मनापासून आवडतो. माका, आघाडा, डोरली एकदा हातात धरून पाहिली की मुलांना तीच झाडं रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर, शाळेच्या कुंपणाशी दिसायला लागतात. पण नवरात्राच्या सुमारास दर वर्षी त्याच तक्रारी कानावर येतात. तुळस काळी ठिक्कर पडली. शमीची पानं गळून नुसती काडी उरली. रुईच्या पानावर बुरशी आली. काचेला आतून बाष्प धरलं. आणि एवढ्यातून वाचलेली हिरवी पानं दिवाळीपर्यंत खाकी झाली.

मग कोणी वरून वार्निश मारतं, कोणी लॅमिनेट करून टाकतं. दोन्हींत ओल आतच कोंडली जाते आणि बिघाड वाढतो. या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ एकच आहे: पानातलं पाणी वेळेत बाहेर पडलं नाही. उरलेल्या थोड्या तक्रारी उजेडामुळे आणि किड्यांमुळे येतात. कोणता बिघाड कशाचा, हे पानच सांगतं. म्हणून उपायाला हात घालण्याआधी पान नीट बघायचं.

पान खिडकीशी नेऊन बघा

सगळं पान सारखंच काळपट झालं असेल तर ते फार हळू वाळलं. मधली शीर आणि देठाजवळचाच भाग काळा असेल तर पातं वाळलं, पण जाड शिरेतलं पाणी मागे राहिलं. पानभर विखुरलेले गोल डाग दिसले तर दाबताना पानावर पाण्याचे थेंब होते. चिकटवलेल्या जागीच तपकिरी ठिपका असेल तर तो गोंदातल्या पाण्याचा.

पांढरी, राखाडी किंवा हिरवट लव ठिपक्याठिपक्यांनी आली असेल तर ती बुरशी. रुईच्या ताज्या पानावर मुळातच पांढरा पिठूळ थर असतो, त्याला बुरशी समजू नका. तो पानभर सारखा पसरलेला असतो आणि पहिल्या दिवसापासून असतो. पान खडखडीत वाळलेलं आहे, डाग कुठेच नाही, पण रंग उडून फिकट पिवळा झाला आहे, असं असेल तर ते उजेडाचं काम. बारीक गोल भोकं आणि फ्रेमच्या तळाशी भुकटी दिसली तर किडा लागला. आणि पान कुरळं होऊन कडा वर आल्या असतील तर ते पुरतं वाळायच्या आतच दाबातून काढलं गेलं.

एकाच फ्रेममध्ये हे सगळे प्रकार शेजारी शेजारी दिसू शकतात, कारण २१ पानं म्हणजे २१ स्वभाव. सगळ्यांना एकाच दिवशी एकाच पुस्तकात घालून एकाच दिवशी बाहेर काढणं, ही या उपक्रमातली सर्वांत मोठी अडचण आहे.

काळेपणा येतो कुठून

वांगं चिरून ठेवलं की थोड्याच वेळात काळं पडतं. पानातही तेच घडतं. पेशीत पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. पेशी फुटली की दोन्ही एकत्र येतात, त्यांना हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी-काळा रंग तयार होतो. या क्रियेला पाणी लागतं. पान वाळलं की ती थांबते, ओलं असेतोवर चालू राहते. हिरव्या रंगाचं गणित थोडं निराळं आहे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. मरणाऱ्या पेशीतला आम्ल रस ते बाहेर काढतो आणि हिरवा रंग खाकीकडे झुकतो. इथेही पान जितकं हळू वाळेल तितकं नुकसान जास्त.

तोडलेलं पान लगेच मरत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. पानफुटीचं पान वहीत ठेवलं की त्याच्या कडेला इवली इवली रोपं फुटतात, हे लहानपणी बहुतेकांनी केलेलं असतं. जाड आणि रसाळ पानं दाबाखालीही कितीतरी दिवस जिवंत राहतात, श्वसन करत राहतात आणि स्वतःचाच साठा वापरत पिवळी पडतात.

आता यात भाद्रपदाची हवा मिळवा. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि गणपतीतही ती फारशी उतरलेली नसते. अशा हवेत कपाटातलं वर्तमानपत्र आणि टीपकागद आधीच ओल पिऊन बसलेले असतात. हाताला ते कोरडे लागतात, पण पानातलं पाणी घ्यायला त्यांच्यात जागाच उरलेली नसते. जाडजूड पुस्तकावर विटा रचून दाब भरपूर मिळतो, पण पाण्याला बाहेर जायला वाट मिळत नाही. एप्रिलमध्ये ज्या वहीत पिंपळाचं पान सुरेख वाळतं, त्याच वहीत ते सप्टेंबरमध्ये काळं पडतं ते यामुळे.

गरम कागद आणि वाहती हवा

उपाय सोपा आहे आणि चिकाटीचा आहे. कागद गरम करून कोरडा करायचा आणि तो सारखा बदलायचा. पान जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा. घडीच्या वर आणि खाली टीपकागद, नाही मिळाला तर वर्तमानपत्राचेच चार-पाच पदर. हे सगळे कागद आधी इस्त्रीने तापवून घ्या. कागदातून वाफ निघताना दिसेल, तेवढं पाणी त्यात होतं. गरम कागदात ठेवलेलं पान पहिल्या काही तासांतच बरंच पाणी सोडतं, आणि पहिले काही तासच निर्णायक असतात. संध्याकाळी पुन्हा कागद बदला. पुढे तीन-चार दिवस रोज एकदा. ओले झालेले कागद फेकू नका, इस्त्री करून पुन्हा वापरा. मासिकांचा गुळगुळीत चकचकीत कागद यासाठी कामाचा नाही, तो पाणी शोषत नाही.

बदलताना पानाची घडी उघडून पान हलवू नका, बाहेरचेच कागद बदला. अर्धवट वाळलेलं पान उचललं की चुरगळतं. पहिल्या बदलाच्या वेळी मात्र घडी एकदा उघडून बघा. पान तेव्हा लवचीक झालेलं असतं, दुमडलेली कड सरळ करायची ती हीच वेळ.

दुसरी गोष्ट वाहत्या हवेची. खोक्याचा नालीदार पुठ्ठा असतो ना, ज्याच्या दोन थरांत लाटा असतात, त्याचे तुकडे कापा, वर-खाली ठेवायच्या प्लायवूडच्या फळ्यांएवढे. पानांच्या दर एक-दोन घड्यांनंतर एक पुठ्ठा घाला. सगळ्या पुठ्ठ्यांच्या नळ्या एकाच दिशेला यायला हव्यात. वर-खाली प्लायवूड ठेवून दोन पट्ट्यांनी गच्च आवळा आणि नळ्यांच्या तोंडासमोर टेबल फॅन लावा. हवा पुठ्ठ्यातून आरपार जाते आणि ओल घेऊन बाहेर पडते. वनस्पतिशास्त्राचे लोक नमुने वाळवताना हीच मांडणी करतात, फक्त त्यांच्याकडे उबदार हवा देणारी पेटी असते. घरात एसी असेल तर त्या खोलीत पंखा लावा, एसी हवेतली ओल काढून टाकतो. पट्टे दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा, पानं बसलेली असतात आणि दाब सैल पडलेला असतो.

पान वाळलं की नाही हे ओळखायला वरच्या ओठाला किंवा गालाला लावून बघा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. देठाला धरून आडवं उचला. टोक खाली झुकलं तर परत आत.

थेट इस्त्रीही चालते, पण पातळ पानांनाच. दोन टीपकागदांमध्ये पान ठेवून, वाफ बंद करून, सर्वांत कमी आचेवर दहा-पंधरा सेकंद दाबा आणि उचला. सरकवू नका. वाफ जाऊ द्या, पुन्हा दाबा. पान कडक होईपर्यंत असं करत राहायचं. उष्णतेने ते काळं करणारं विकरच निकामी होतं, त्यामुळे रंग वाचतो.

पान कधी आणि कुठून आणायचं

बाजारातली पत्रीची जुडी पाणी मारून, बांधून, गर्दीत दाबली जाऊन आलेली असते. त्यातली पानं चुरडलेली असतात, म्हणजे काळं पडण्याची सुरुवात जुडीतच झालेली असते. शिवाय जुडीत काय आहे हे बऱ्याचदा विकणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. पूजेला ती चालेल, दाबायला स्वतः जाऊन आणलेली पानंच हवीत. आणि पूजेत वाहिलेली पत्री दाबायला घेऊ नका. तिला पंचामृताचे, गंधाचे शिंतोडे लागलेले असतात. दूध आणि साखर लागलेल्या पानावर बुरशी सर्वांत आधी येते आणि मुंग्याही.

पावसाला उघडीप मिळेल तो दिवस बघा. सकाळी दहाच्या पुढे जा, दव उडालेलं असतं. पाऊस थांबतच नसेल तर छोटी फांदी तोडून आणा, देठ पाण्याच्या तांब्यात बुडवून पंख्याखाली ठेवा. दोन-तीन तासांत पानावरचं पाणी उडतं आणि पान टवटवीत राहतं. मग दाबा. कोवळं पान घेऊ नका, त्यात पाणी जास्त आणि धागा कमी. झाडावरचं पूर्ण वाढलेलं, कीड न लागलेलं मधलं पान घ्या.

एका पत्रीचं एकच पान पुरतं, फार तर दोन. भाद्रपदात पत्रीच्या नावाने झुडपंच्या झुडपं ओरबाडली जातात, तिथे आपण भर घालायला नको. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून तर पानही तोडायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे विनापरवाना काही काढून नेण्याला बंदी आहे. कासच्या पठारावरून फूल आणून दाबण्याचा मोहही टाळा. गरजही नाही. बेल, पिंपळ, डाळिंब, कण्हेर, तुळस, जाई, मोगरा सोसायट्यांच्या आवारात मिळतात. आघाडा, माका, रुई, धोत्रा, डोरली पडीक जागेत आपणहून उगवतात. अर्जुन बऱ्याच शहरांत रस्त्यांच्या कडेला लावलेला आहे. देवदार हिमालयातला, तो आपल्याकडे रानात मिळणार नाही. त्याची जागा रिकामी ठेवून खाली नाव लिहावं, असं माझं मत आहे. दुसरंच पान त्या नावाखाली लावलं तर मुलं चुकीचं झाड शिकतात.

ज्या पत्री हमखास त्रास देतात

पत्रींच्या यादीत घराघरांत थोडा फरक असतो, पण त्रास देणारी मंडळी सगळीकडे तीच.

तुळस सगळ्यांत आधी काळी पडते. तिच्यात पॉलिफेनॉल भरपूर आणि पान नाजूक, बोटाचा दाबही तिला पुरतो. तिला पुस्तकात घालूच नका. तोडल्याबरोबर, म्हणजे शब्दशः दारातून आत येताच, इस्त्रीखाली वाळवा. मरव्यालाही हेच. पानांना हात न लावता देठाला धरून हाताळा.

माक्याचा रस हवा लागली की काळा होतो, केसांच्या तेलात तो घालतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे माक्याचं खोड जिथे चेपलं जाईल तिथे काळी रेघ उठणारच. खोड फार जाड असेल तर मागच्या बाजूने धारदार ब्लेडने उभं अर्धं तासून टाका, पुढून कळत नाही आणि दाब कमी लागतो. छोटं पांढरं फूल असलेला शेंडा घ्या, तो पटकन वाळतो.

शमी आणि अगस्ती, म्हणजे आपला हादगा, यांची पर्णिका गळते. पान हळू वाळलं की झाड जसं पानगळीत पर्णिका सोडतं, तसंच तोडलेलं पानही सोडून देतं, कारण ते अजून जिवंत असतं. त्याला आधी मारावं लागतं. कढत पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवा, कापडावर पसरून टिपून घ्या आणि गरम कागदात दाबा. पर्णिका जागच्या जागी राहतात आणि हिरवा रंगही उजळ येतो. एवढं करूनही दोन-चार गळल्या तर त्या जपून ठेवा, चिकटवताना जागेवर लावता येतात.

रुई हा या सगळ्यातला सर्वांत चिवट गडी. पान जाड, शिरा जाड, आणि तोडलं की चीक वाहतो. हा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून रुई मुलांच्या हातात देऊ नका आणि तोडल्यावर हात धुवा. तुटलेलं देठ रद्दी कागदावर टेकवून चीक वाहू द्या, थांबला की कढत पाण्यात अर्धा मिनिट धरा. यात वरचा पांढरा थर थोडा जातो, त्याला इलाज नाही. मधली शीर मागून तासून पातळ करा. रुईला वेगळी घडी, वेगळे कागद, आणि बाकीची पानं निघाल्यावरही आणखी आठवडाभर दाब. तिचं लहान पान निवडलं तर निम्मा त्रास वाचतो.

धोत्र्याचं पान मऊ, लवकर मलूल होणारं, त्यामुळे झाडाजवळच वहीत घालून आणायचं. धोत्रा आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत. हाताळून झालं की हात साबणाने धुवायचे, आणि ज्या पाण्यात ही पानं बुडवली ते भांडं स्वयंपाकात परत न्यायचं नाही.

डोरलीच्या पानावर शिरेवर काटे असतात, ते कागद फाडतात आणि शेजारच्या पानाला भोक पाडतात. मागच्या बाजूचे काटे नेलकटरने काढा, पुढचे राहू द्या, तीच तिची ओळख. केवड्याच्या पानाचा फक्त शेंड्याचा तुकडा घ्या. बोरीचं पान उलटं लावा, तिची खालची बाजू पांढुरकी आणि लवदार असते, वाळल्यावर फार सुंदर दिसते.

बेल, पिंपळ, अर्जुन, डाळिंब, जाई, दूर्वा ही गुणी पानं, गरम कागदात आपसूक वाळतात. विष्णुक्रांतेचं निळं फूल मात्र दुपारपर्यंत मिटतं, ते सकाळी उघडं असतानाच गाठावं लागतं.

बुरशी आली तर

बुरशीला साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली की तिचं काम सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे पावसाळाभर. बुरशी दाट आली असेल तर ते पान आणि त्याचे कागद टाकून द्या. ओल्या फडक्याने पुसलं तर ती पसरते. स्पिरिट लावलं तर हरितद्रव्य त्यात विरघळतं आणि कागदावर हिरवा ओघळ येतो. नुकते दोन-चार ठिपके असतील तर पान आधी पूर्ण वाळवा, मग नाकावर मास्क लावून, गच्चीत किंवा बाल्कनीत, मऊ कोरड्या ब्रशने झटका.

वाळलेलं पान पुन्हा ओल धरतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दाबातून काढून चार दिवस टेबलावर ठेवलं की ते परत नरम पडतं. म्हणून दाबातून निघालेलं पान थेट घट्ट झाकणाच्या पसरट डब्यात, पातळ टिश्यू कागदाच्या घडीत ठेवायचं आणि डब्यात सिलिका जेल घालायचं. कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी वापरतात तेच. निळ्याऐवजी नारिंगी मण्यांचं घ्या, निळ्या रंगाला कोबाल्टचं क्षार वापरतात, ते घरात नको. मण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये साधारण १०० ते १२० अंशांवर तापवून परत कोरडे करता येतात.

फ्रेम गणपतीत नको

घाई इथेच होते. विसर्जनाच्या आधी पाहुण्यांना दाखवायची म्हणून ओलसर हवेत फ्रेम बंद केली जाते. काचेच्या आत जी हवा अडकते ती त्या दिवसाची. त्यातली ओल रात्री गार काचेवर बाष्प होऊन बसते आणि पानावर उतरते. पानं सिलिका जेलच्या डब्यात राहू द्या. पाऊस परतून ऑक्टोबरचं कडकडीत ऊन पडायला लागलं की एखाद्या दुपारी मांडणी आणि फ्रेम उरकायची. कागद, पुठ्ठा, काच, सगळं त्या दिवशी आधी उन्हात ठेवा. पानं मात्र उन्हात नाही.

चिकटवायला फेविकॉल चालतो, पण तो पाण्यात कालवलेला असतो हे विसरू नका. टूथपिकच्या टोकाने मागच्या मधल्या शिरेवर दोन-तीन बारीक ठिपके, बस्स. पानभर थर दिला तर पान ओलं होतं, सुरकुततं आणि काळं पडण्याची थांबलेली क्रिया परत सुरू होते. गव्हाच्या पिठाची खळ कागदाला चांगली, पण किड्यांना फार आवडते. पुस्तकबांधणीवाले त्यासाठी खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, घरात मुलं असताना त्या वाटेला जाऊ नये. हिरवा रंग टिकवायला पानं तांब्याच्या क्षारात उकळण्याची एक पद्धतही आहे, त्यात मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसतं आणि हिरवा पक्का होतो. तीही प्रयोगशाळेतच बरी.

मागचा कागद स्वस्त पुठ्ठ्याचा नको. त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडतो आणि पानालाही डाग देतो. चिंध्यांपासून केलेला हातकागद उत्तम. काच पानाला टेकू देऊ नका. पुठ्ठ्याची चौकट घालून दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. मागून कडेने टेप लावून पूर्ण बंद करा. जपानमध्ये ओशिबाना म्हणून दाबलेल्या फुलांची चित्रं करतात, त्यात फ्रेमच्या आत ओल आणि ऑक्सिजन शोषणारे पदार्थ ठेवून, हवा काढून ती सीलबंद करतात. रंग टिकवण्याची त्यांची सगळी धडपड या दोन गोष्टींभोवती आहे.

फ्रेम कुठे लावायची? पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर नाही. आतल्या भिंतीवरही मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि फ्रेमच्या मधून हवा खेळली पाहिजे. खिडकीसमोर लावली तर हिरवा रंग काही महिन्यांत उडतो, मग पान कितीही नीट वाळवलेलं असो. नाजूक चित्रं आणि नमुने संग्रहालयात साधारण ५० लक्स एवढ्या मंद उजेडात ठेवतात. घरात बोळातली, सावलीतली भिंत निवडा, किंवा फ्रेमऐवजी वही करा, जी एरवी बंद असते.

इतकं सगळं करूनही दोन-चार वर्षांत हिरवा रंग तपकिरीकडे जातोच. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यातली आघारकर संशोधन संस्था इथले जुने नमुनेही तपकिरीच आहेत, आणि अभ्यासक त्यांच्यावरूनच झाड ओळखतात. पानाची कड, शिरांची जाळी, देठाची ठेवण शाबूत राहिली तर तो नमुना चांगला टिकला असं मी मानते. सगळीकडे सारखा आलेला हलका तपकिरी रंग हा बिघाड नाही. डागाळलेला, चिकट, काळा रंग हा बिघाड.

भोकं आणि भुकटी

तंबाखू, मसाल्यात पडणारा बारीक तपकिरी भुंगा वाळलेल्या पानांतही अंडी घालतो. कडुलिंबाचा पाला ठेवण्याची आपली जुनी पद्धत आहे, पण एकदा अळी पानात शिरली की पाल्याने ती मरत नाही. फ्रेम खोला, पानं कागदासकट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दहा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद राहू द्या, नाहीतर गार पानावर हवेतलं पाणी धरतं. एक आठवडा थांबून हेच पुन्हा एकदा करा, पहिल्या फेरीत वाचलेली अंडी दुसरीत जातात. डांबराच्या गोळ्या मी सुचवत नाही, त्यांचा वास घरात मुलांच्या नाकातोंडात जातो.

काळी पडलेली पानं

तुळस, माका, धोत्रा काळे पडले की त्यांचा रंग परत येत नाही. ते कुंडीतल्या मातीत घाला आणि पुढच्या उघडिपीत नवं पान आणा, ही झाडं पावसाळा संपेपर्यंत मिळतात. पिंपळाचं पान मात्र वाचवता येतं. त्याची जाळी मजबूत असते. पसरट भांड्यात पाण्यात बुडवून ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. वास येतो, म्हणून बाल्कनीत. दोन ते चार आठवड्यांत गर सुटायला लागतो, वाळलेल्या पानाला त्याहून जास्तही लागतात. घाईने ओढू नका. ताटात थोड्या पाण्यात पान पसरून, जुन्या मऊ टूथब्रशने मधल्या शिरेकडून कडेकडे हलके थोपटत गर काढा. सुटत नसेल तिथे जोर न लावता पान आणखी आठवडाभर पाण्यात ठेवा. शेवटी स्वच्छ पाण्यातून काढून टीपकागदात दाबा, एका रात्रीत वाळतं. पत्रीच्या मांडणीत पिंपळाच्या जागी ही जाळी लावली तर तिच्यात हिरवा रंगच नसल्याने उडायला काही उरत नाही. फक्त तिच्यामागे गडद रंगाचा कागद घाला, म्हणजे बारीक शिरा दिसतील.